करंट गेलं की बरं वाटतंय

ताई, नमस्कार. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नववी आणि दहावीच्या वर्गांत डिजिटल बोर्ड बसवून दिले. ते चालवायचा हुरूप शाळेत मलाच जास्त. रात्री जागून व्हिडिओ शोधायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे, सकाळी वर्गात लावायचे. मराठीतून चांगलं काही मिळालं तर ते महाराष्ट्र बोर्डाचं निघतं, धडे मागंपुढं असतात. म्हणून जास्त करून इंग्रजी आणि थोडे कन्नड व्हिडिओ दाखवतो. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतो.

दसऱ्याच्या सुट्टीआधी नववीच्या मुलांना म्हटलं, बोर्डाबद्दल तुमचं मत चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका. वाटलं होतं, कौतुक येईल. काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देतो: ‘व्हिडिओ पळूलाय, लिहूस गावत नाही.’ ‘मागच्या बेंचवर काय दिसत नाही, ऊन पडतंय.’ ‘इंग्लिशमधलं कळत नाही. कळलं नाही म्हणून सांगूस लाज वाटतंय.’ ‘व्हॉट्सअपवर होमवर्क घालू नका सर, फोन पप्पांकडं असतोय, ते गोव्याला असतात.’ ‘रोज बोर्ड लावा, खूप मजा येते.’ ‘आम्हाला पण बोर्डवर लिहूस द्या.’ आणि एक, जी वाचल्यापासून माझं मन उडालंय: ‘करंट गेलं की बरं वाटतंय, मग तुम्ही बोलता.’

हेडसर म्हणाले, मुलांना काय कळतंय, फाडून टाका. माजी विद्यार्थ्यांच्या कानावर गेलं तर पुढची देणगी बंद. त्यांना दर महिन्याला डिजिटल वर्गाचे फोटो लागतात, डिसेंबरात गॅदरिंगला ते येणारही आहेत. ज्या सहकाऱ्यांनी आजवर बोर्डाला हात लावला नाही ते ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणून हसतात. मुलांचं ऐकू, की त्यांना अजून समज नाही असं धरून पुढं जाऊ?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

सर,

हेडसरांचा मान राखून सांगते, चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत. कपाटात ठेवा, कुलूप लावा.

तुम्हाला त्या झोंबल्यात हे पत्रातून कळतंयच. जागून जमवलेल्या व्हिडिओंना पोरांनी असं उत्तर दिलं तर कुणालाही वाईट वाटेल. पण राग ओसरल्यावर पुन्हा एकदा वाचा. बोर्ड काढून टाका असं एकानंही लिहिलेलं नाही. ऊन पडतंय म्हणणाऱ्याला बोर्ड बघायचाय, म्हणून तर ऊन खटकतंय. पळूलाय म्हणणाऱ्याला व्हिडिओतलं वहीत उतरवायचंय. तास नेमका कुठं हातातून सुटतो, त्या जागेवर पोरांनी बोट ठेवलंय. तपासणीला आलेल्या साहेबांनी इतकं नेमकं कधी सांगितलंय का तुम्हाला?

‘लिहूस गावत नाही’ ही माझ्या मते या गठ्ठ्यातली सगळ्यांत वजनदार चिठ्ठी. खडूनं लिहिताना आपला हात जितका हळू चालतो तितका वेळ पोरांना आपोआप मिळतो. आपण वनस्पती पेशीची भित्तिका काढतो, मग आतलं पटल, मग केंद्रक, मग ती मोठी रिक्तिका. प्रत्येक रेघेबरोबर समोरच्या पेन्सिली चालत असतात. मधेच वळून बघतो, कोण मागं राहिलंय ते दिसतं, आपण थांबतो. व्हिडिओत तीच पेशी अख्खी, रंगीत, गरगर फिरत येते आणि नावं वाचून होईपर्यंत निघून जाते. बघायला छान. वहीचं पान मात्र तसंच.

आणि त्या पानाची किंमत आपल्या भागात काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. बेळगावातल्या पोराची वही अपुरी राहिली तर ट्यूशनच्या नोट्स असतात, गाईड असतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोराची परीक्षेची सगळी पुंजी म्हणजे ती वही. दहावीला विज्ञानाचे 20 मार्क अंतर्गतचे, बाकीचे 80 कागदावर हातानं लिहूनच मिळवायचे. नववीतल्या पोराला हा हिशेब पाठ असतो. म्हणून पाठ्यपुस्तकातली आकृती, व्याख्या, सोडवलेलं उदाहरण हे सगळं हातानंच काढा. फळ्यावर काढा नाहीतर डिजिटल बोर्डावर त्याच्या पेननं काढा, पण तुमच्या हाताच्या वेगानं.

मग व्हिडिओ कुठं लावायचा? खडू जिथं हरतो तिथं. नववीचा ‘ध्वनी’ घ्या. आवाज जाताना हवेचे कण जागच्या जागी पुढंमागं हलतात, पुढं सरकते ती फक्त दाटी. संपीडन, विरलन हे शब्द पोरं पाठ करतात, पेपरात लिहितातही. पण फळ्यावर ठिपक्यांचे दाट-विरळ पट्टे तुम्ही कितीही सुबक काढा, बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र राहतं, की बोलणाऱ्याच्या तोंडातली हवा निघाली आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरली. इथं हलती आकृती हवीच.

फक्त ती लावून बाजूला उभं राहू नका. व्हिडिओचा आवाज बंद करा. एखाद्या मुलीला पुढं बोलवा, हातात पट्टी द्या आणि एका ठिपक्यावर टोक धरायला सांगा, बोर्डाला न टेकवता, जरा अंतर ठेवून. (टचचा बोर्ड असेल तर टेकवल्याबरोबर व्हिडिओ थांबतो आणि सगळा वर्ग त्या पोरीला हसतो.) आता म्हणा, हा ठिपका जाईल तिकडं पट्टी ने. व्हिडिओ चालू करा. पट्टी जराशी पुढं, जराशी मागं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. आणि दाट पट्टा तिच्या पट्टीखालून निघून पार कडेला पोचलेला. तिथं थांबवा आणि वर्गाला विचारा, हिचा ठिपका कुठंय आणि पट्टा कुठं गेला? उत्तर त्यांच्याकडून आलं की मगच ‘संपीडन’ शब्द फळ्यावर लिहा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. हे फळ्यावर तुम्हाला दोन तासांत जमणार नाही, आणि हे करताना कुणी झोपणारही नाही.

आवाज बंद करा म्हटलं त्याला कारण आहे. तुमची पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, खानापूरच्या बाजारात तिन्ही ऐकतात. भाषांना ती घाबरणारी नव्हेत. कित्येकांचं कन्नड तुमच्या-माझ्यापेक्षा बरं असेल. पण अवघड कल्पना आणि परकी भाषा एकदम अंगावर आली की दोन्ही निसटतात, आणि मग पोरगं ‘मला इंग्लिश कळलं नाही’ असं न म्हणता ‘मला सायन्स जमत नाही’ असं धरून बसतं. वर लाज आहेच. चित्र व्हिडिओचं, बोलणं तुमचं, इतकं केलंत तरी ही एक तक्रार जवळजवळ मिटेल. व्हिडिओ कन्नड आहे, इंग्रजी आहे की गुजराती, याला मग काही महत्त्व उरत नाही.

महाराष्ट्र बोर्डाच्या व्हिडिओंना इतकं बिचकू नका. आपल्याकडची हायस्कूलची विज्ञान-गणिताची पुस्तकं केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून आलेली, त्यामुळं तिकडचा क्रम वेगळा हे खरं. म्हणून धड्याच्या नावानं शोधू नका, कल्पनेच्या नावानं शोधा आणि हवा तेवढाच तुकडा घ्या. एखादी संज्ञा आपल्या पुस्तकात वेगळी असेल तर आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पेपरात आपल्या पुस्तकातलीच येणार.

आता करंटची चिठ्ठी. पावसाळ्यात तुमच्या भागात हेस्कॉमवर, म्हणजे वीज कंपनीवर, कुणी भरवसा ठेवत नाही, तेव्हा या पोराला बोर्डाचा तास आणि बिनबोर्डाचा तास ताडून बघायची संधी भरपूर मिळाली असणार. सर, मला ही चिठ्ठी आली असती तर मी चौकट करून लावली असती. करंट गेल्यावर तुम्ही काय करता ते आठवा. बहुधा खिडक्या उघडत असाल, बाकांमधून फिरत असाल, नाव घेऊन विचारत असाल, एखाद्याच्या चुकलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढत असाल. आणि व्हिडिओ चालू असताना? तेव्हा तुम्हीही बोर्डाकडं तोंड करून उभे. तीसचाळीस प्रेक्षकांत आणखी एक. त्या पोराला तुम्ही हवे आहात आणि ते त्यानं सांगितलंय. यात तुमचं मन उडावं असं काय आहे?

एका तासाला व्हिडिओ सात-आठ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, तेही दोन तुकड्यांत. शेवट दिसायच्या आधी थांबवा आणि ‘आता काय होईल?’ हे वहीत लिहायला सांगा. चुकू देत. आपला अंदाज चुकला हे कळल्यावर पोरं पुढचं डोळे फाडून बघतात. दिवे घालवायचीही गरज नाही. अंधार केला की तुम्हाला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, आणि शिकवणाऱ्याला चेहरे दिसले नाहीत तर तो वाचून दाखवतो, शिकवत नाही.

आणखी एक करून बघा. दर तासाला हजेरीतल्या क्रमानं एका मुलाला ‘थांबवा’ म्हणायचा हक्क द्या. तो म्हणाला की व्हिडिओ थांबलाच पाहिजे, का म्हणून विचारायचं नाही. ज्याला कळलं नाही त्याला तोंड उघडायची लाज वाटते. पण ज्याची आज पाळी आहे त्याला शेजारचा कोपरानं ढोसू शकतो. आपल्या पोरांना ही ढोसाढोशी चांगली जमते.

व्हॉट्सअपवरचा गृहपाठ मात्र उद्यापासून बंद करा. इथं दुसरं मत ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. ‘असर’ ही देशभरातल्या खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी; तिच्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या 82.2 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं, आणि सोशल मीडिया वापरलेले होते 76 टक्के. म्हणजे फोन हातात आला तरी तो कुठं वळतो ते दिसतंय. त्यात फोन कुणाचा, हाही प्रश्न आहे. त्याआधीच्या वर्षी त्यांनी 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी केली. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के निघाले आणि मुली 19.8 टक्के. तुमच्या वर्गात काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. मुलगी फोन घेऊन बसली की घरात चार प्रश्न येतात, मुलगा बसला की येत नाहीत. ‘होमवर्क बघूलोय’ म्हणून त्याला रात्री नऊपर्यंत फोन मिळतो आणि तिला दादाकडून उतरवून घ्यावं लागतं. ज्याचे पप्पा गोव्याला आहेत त्याचं तर त्याहून अवघड. तो बिचारा सकाळी शाळेत येऊन उभ्याउभ्या दुसऱ्याच्या वहीतून उतरवतो आणि तुम्ही त्याला आळशी म्हणता. घंटेच्या पाच मिनिटं आधी गृहपाठ फळ्यावर लिहा. ग्रुप ठेवा, पण पालकांना निरोप द्यायला: उद्या सुट्टी, परवा फी, असलं.

‘मुलांना काय कळतंय’ हे हेडसरांचं म्हणणं दुसऱ्या कशाबद्दल खरं असेलही. याबद्दल नाही. आज नववीत असलेली पोरं 2020 मध्ये प्राथमिक शाळेत होती. शाळा बंद, शिक्षण फोनवर, आणि रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसणारी मोठी भावंडं त्यांनी बघितलीत. त्याच वर्षी ‘विद्यागम’ ही गावात जाऊन शिकवायची सरकारी योजना सुरू झाली तेव्हा देवळाच्या कट्ट्यावर नाहीतर झाडाखाली चार पोरं घेऊन बसलेले मास्तरही बघितलेत. पडद्यावरचं शिक्षण आणि समोर बसून झालेलं शिक्षण, दोन्ही इतक्या लहान वयात ताडून बघितलेली दुसरी पिढी आपल्याकडं झाली नाही. त्यांचं मत आपल्याला आवडो न आवडो, ते अनुभवाचं आहे.

त्यांच्या मतावर बोर्ड ठेवायचा की काढायचा हे ठरवायचं नाही, हेही खरं. ते तुमचं आणि संस्थेचं काम. ‘रोज बोर्ड लावा’ म्हणणाऱ्याचं ऐकून रोज लावायचा नाही, तसंच करंट जावं म्हणणाऱ्याचं ऐकून तो झाकूनही ठेवायचा नाही. तास कसा घ्यायचा एवढ्यापुरतं त्यांचं ऐका. आणि पुढच्या वेळी प्रश्न बदला. ‘बोर्डाबद्दल मत’ विचारलं की निम्मी पोरं तुम्हाला बरं वाटेल असंच लिहितात. ‘कालच्या तासात कुठं सुटलं?’ असं विचारा. अक्षरावरून कोण ते तुम्हाला ओळखू येणारच, पण ओळखल्याचं चेहऱ्यावर दाखवू नका आणि स्टाफरूममध्ये नावं घेऊ नका. त्यांनी सांगितलेलं जे बदललंत ते वर्गात उघड सांगा: तुम्ही म्हणालात म्हणून आवाज बंद केलाय, तुम्ही म्हणालात म्हणून गृहपाठ फळ्यावर आलाय. एवढं केलंत तर पुढच्या चिठ्ठ्या आणखी कामाच्या येतील.

हसणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विचारा, तुमच्या तासाच्या चिठ्ठ्या कधी घेताय? बाहेरच्या देशांतले आकडे घेऊन ते वादाला आले तर तेही ऐकून ठेवा. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2022 च्या पाहणीत ओईसीडी गटातल्या, म्हणजे बहुतेक श्रीमंत, देशांतल्या सरासरी 65 टक्के मुलांनी सांगितलं होतं, की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल साधनांमुळं आपलं लक्ष उडतं. पण तिथं टॅब, लॅपटॉप, फोन मुलांच्या हातात असतात. तुमच्या वर्गात साधन एकच, भिंतीवर, आणि चालवणारे तुम्ही. त्यांचा आजार वेगळा, त्याचं औषध तुमच्या पोरांना कशाला?

राहिले हेडसर आणि माजी विद्यार्थी. हेडसरांशी भांडू नका, त्यांची काळजी खोटी नाही. अनुदान असलेल्या शाळेलाही खडू-डस्टरपलीकडचं काही घ्यायचं म्हटलं की कुणापुढं तरी हात पसरावा लागतो. त्यांच्याकडं चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन जाऊ नका, कामांची यादी घेऊन जा: खिडक्यांना जाड पडदे, बोर्डासाठी यूपीएस, शेवटच्या बाकाची जागा बदलणं. यादी करण्याआधी दुपारच्या वेळी शेवटच्या बाकावर स्वतः पाच मिनिटं बसून बघा, काय दिसतं आणि काय नाही. पडदा येईपर्यंत बोर्डावर लिहिताना अक्षर मोठं काढा आणि एका वेळी चार ओळींच्या वर लिहू नका.

माजी विद्यार्थ्यांना फोटो पाठवणं कमी करा. दर महिन्याला फोटो द्यायचा म्हटलं की तास फोटोसाठी घेतला जातो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. गॅदरिंगला येतील तेव्हा भाषण आणि नाश्ता यांच्यामध्ये त्यांना नववीच्या वर्गात बसवा आणि तो ध्वनीचा तास घ्या. ती काही परकी माणसं नाहीत. याच बाकांवर बसून, खडूच्या फळ्यावर शिकून पुण्या-बेंगळुरापर्यंत गेलेली पोरं आहेत. त्यांना पेन्सिलीचा वेग कळतो. त्यांच्यात इंजिनिअर असतील, नर्स असतील, कुणी शिक्षक असेल. चांगल्या पण परभाषेतल्या व्हिडिओला आपल्या मराठीत पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून द्या म्हटलं तर दोघं-तिघं तरी हौसेनं देतील. पैसे देण्यापेक्षा ते त्यांना जास्त आवडेल असा माझा अंदाज. तुम्ही स्वतः बोलणार असलात तरी तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी तो आवाज कामाला येईल.

आणि ‘आम्हाला पण बोर्डवर लिहूस द्या’ ही चिठ्ठी विसरू नका. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास तुमचा असेल तर तो द्या त्यांना. आठवड्यात झालेली आकृती एकानं काढायची, दुसऱ्यानं नावं द्यायची, तिसऱ्यानं चुका शोधायच्या, तुम्ही मागच्या बाकावर. पेन हरवेल या भीतीनं ते हेडसरांच्या कपाटात राहत असेल तर दोन जादा मागवा आणि ते यादीत पडद्यांच्या खाली घाला. पोरांच्या हातून एखादं मोडणार हे धरूनच चाला.